कॅसेट-सीडी विकत घेणं लोकांनी का सोडलं? रेडिओवर फुकट मिळतं म्हणून? आणि रेडिओ तरी आता कोण ऐकतं?

सांगलीत मारुती चौकाजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं, १९९१ ते २००८. तुमचं ते 'फुकट मिळतं म्हणून' वाचलं आणि डोकंच फिरलं. आमच्या दाजींनी हेच मला सतरा वर्षं ऐकवलं. भांडवल त्यांचं, म्हणून गप्प बसायचो.

अहो, दुकान चालवलं ते रेडिओनंच. सकाळी आकाशवाणी सांगलीवर एखादं भावगीत लागलं की अकराच्या आत कुणीतरी पायरीवर उभं राहून अर्धी ओळ गुणगुणायचं, "हे आहे का?"

मग धंदा खाल्ला कुणी? मीच. गिऱ्हाईक चिठ्ठीवर वीस गाणी लिहून आणायचं आणि मी कोऱ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून द्यायचो. कंपनीच्या कॅसेटमागं दोन-तीन रुपये सुटायचे, भरून दिली की दहा-बारा. पुढं दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी आली, तीही ठेवली. शेवटी शेवटी दहा रुपयांत मोबाईलचं मेमरी कार्ड गाण्यांनी भरून द्यायचो. मग आठ गाण्यांची कॅसेट कोण घेतंय?

२००५ च्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी. अख्खी गल्ली हळहळली. खरं तर निम्मा माल खपणारा नव्हताच. कृष्णामाईनं अब्रू झाकली.

रेडिओचं म्हणाल तर सांगली केंद्र १९६३ पासूनचं, मध्यम लहरींवर, १२५१ किलोहर्ट्झ. या लहरी मोबाईलच्या एफएमवर लागतच नाहीत आणि घरात चार्जर, एलईडी चालू असले की ट्रान्झिस्टरवर नुसती खरखर. खासगी एफएमना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, मग दिवसभर तीच पंधरा गाणी आणि बडबड.

गाण्यांच्या कंपन्याही दाजींच्याच वळणाच्या. गाणी वाजवण्याच्या रॉयल्टीवरून एफएमवाल्यांशी वर्षानुवर्षं भांडल्या; २०१० साली कॉपीराइट बोर्डानं जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाचे २ टक्के ठरवून दिले. गाणं गिऱ्हाइकाच्या कानात घालणाऱ्याकडूनच वसुली!

अर्थात हे एका गल्ल्यावर बसून दिसलेलं, पुण्या-मुंबईचा हिशेब वेगळा असेल. गीतकार-संगीतकारांचं पोट रॉयल्टीवर असतं, तेही मान्य.

आणि कसलंही दुकान टाकणार असाल तर पाहुण्यांचं भांडवल घेऊ नका. परवा दाजी आले, हातातल्या मोबाईलवर आकाशवाणीच्या ॲपवरून सांगली केंद्र चालू. म्हटलं, "दाजी, फुकट का?"

म्हणाले, "चहा सांग."