सिद्धांत लावून वाचल्याने कवितेतला रस संपतो का?

नाही, संपत नाही. मानसविश्लेषण, स्त्रीवाद, संस्कृती-अभ्यास अशा चौकटी लावल्या की कवितेतला रस जातो असे एम.ए.ला तुमचे सर सांगतात, ते खरे आहे का आणि यातले आधी काय वाचावे, असे तुम्ही विचारले आहे. हेच वाक्य मी जळगावात विद्यार्थिनी असताना ऐकले होते आणि त्यापायी लघुप्रबंधाचे एक पूर्ण प्रकरण गमावले होते, म्हणून उत्तर लिहायला बसले.

माझा विषय बहिणाबाई चौधरी होता, आणि ते प्रकरण एकाच कवितेवर होते: ‘लपे करमाची रेखा, माझ्या कुंकवाच्या खाली’. तिशीच्या आसपास वैधव्य आलेली बाई सांगते की कुंकू पुसले गेले आणि त्याखालची नशिबाची रेघ उघडी पडली. लिहिण्यापूर्वी ही कविता मी यावल तालुक्यातल्या आमच्या घरी आजीला वाचून दाखवली. आजीही ऐन तारुण्यात विधवा झालेली. खाटेवर ओले धोतर पसरून ती ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, घालत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला, चिकाने माखलेले बोट तसेच कपाळावरच्या हिरव्या गोंदणाशी नेऊन ती म्हणाली, “कपाय उघडं पडलं तवा आरशात पाह्यलं मी, पोरी. काही लिहेल नव्हतं तठी. निस्तं गोंदन व्हतं.” आणि पुन्हा बिबडी थापू लागली.

तोवर ती कविता मला फक्त करुण वाटत होती. त्या दिवशी शेवट नव्याने दिसला. शेवटी ही बाई ज्योतिष्याला सांगते की माझा हात पाहू नकोस, माझे दैव मला कळते, माझ्या दारी येऊ नकोस. मानसविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या शोक आणि विषण्णता यांवरील निबंधात असा भेद केला आहे की विषण्ण माणूस गमावलेल्या व्यक्तीवरचा राग स्वतःवरच उलटवतो आणि स्वतःला दोष देत राहतो, तर शोक करणारा हळूहळू, कष्टाने, जगाकडे परततो. पांढऱ्या पायाची म्हणून विधवेनेच स्वतःला दोष द्यावा अशी व्यवस्था गावाने केलेली असताना ही कविता तो दोष घेत नाही, उलट दोष सांगायला येणाऱ्याला दारातूनच परत पाठवते. हे मी लिहिले.

मार्गदर्शकांनी त्या प्रकरणावर लाल शाईने उभी रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘बहिणाबाई आई आहेत, रुग्ण नव्हेत.’ मी प्रकरण काढून टाकले, त्याजागी निसर्गप्रतिमांवर वीस पाने लिहिली आणि उत्तीर्ण झाले. याचे मला आजही वाईट वाटते.

‘निरागस आई’ हीसुद्धा एक चौकटच आहे, फक्त तिला कोणी सिद्धांत म्हणत नाही. गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने उतरवून घेतली, बहिणाबाई १९५१ साली वारल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली संग्रह आला. म्हणजे लेवा बोलीतली ही गाणी तुमच्या-माझ्या हाती आली ती पुरुषांच्या, छापणाऱ्यांच्या आणि शहरी वाचकांच्या हातून. त्या प्रवासात कोणती बहिणाबाई पुढे आली आणि कोणती मागे राहिली, हे विचारणे हाच संस्कृती-अभ्यास होय. आणि स्त्रीवाद पाश्चात्त्यांकडून आणलेला आहे, असे तुमचे सर म्हणत असतील तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी विधवांच्या बाजूने ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापली, फ्रेंच स्त्रीवादी विचारवंत सिमोन द बोव्हार यांचा ‘द सेकंड सेक्स’ १९४९ साली आला, एवढे त्यांना जरूर सांगा.

एक मात्र मान्य करायला हवे. मार्गदर्शकांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण कवितेवरून कवयित्रीचे निदान करणारे, प्रत्येक विहिरीत आणि वारुळात गर्भाशय शोधणारे लेख मीही तपासले आहेत आणि ते वाचवत नाहीत. शिवाय फ्रॉइडसमोरचे कुटुंब व्हिएन्नातले होते. सासू, जावा, नणंदा आणि दीर एका चुलीवर जेवतात अशा खटल्याच्या घरात त्याचा आई-बाप-मुलगा हा त्रिकोण जसाच्या तसा बसत नाही.

आधी काय वाचावे, तर ताराबाई. पुस्तक लहान आहे. मग फ्रॉइडचा तो निबंध. पण त्याही आधी कविता मोठ्याने वाचा, शक्यतो ती बोली घरात बोलणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईसमोर, आणि ती जे म्हणेल ते त्याच दिवशी, तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा. मी ते आजीच्या हयातीत एकदाच केले.