पेट्रोल-डिझेलवरचा कर वाढवून लोकांना इंधन वाचवायला लावणं न्याय्य आहे का?

अर्धंच. कर वाढवण्यात गैर काही नाही, पण त्या पैशातून पर्याय उभा राहत नसेल तर तो कमी कमावणाऱ्यांना लावलेला दंड ठरतो. हा कर लिटरवर लागतो, कमाई बघून नाही. पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला एसयूव्हीत एकटा जाणारा टाकी फुल करताना आकड्याकडे बघतही नाही. वाघोलीहून चाकणला सेकंड शिफ्टला जाणारा मात्र पंपावर 'शंभरचं टाक' म्हणतो, आणि रात्री सुटल्यावर सोयीची बस नसेल तर भाव कितीही वाढो, त्याला बाईक काढावीच लागते. पेट्रोल तेवढंच जळतं, कपात होते ती घरखर्चात.

शिवाय आपल्याकडे कर वाढतो तो बहुतेकदा तिजोरीसाठी. मे २०२० मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं; कच्चं तेल गडगडलं होतं, त्यामुळे पंपावरचा भाव त्या वाढीने हललाच नाही. मग बचत कोण करणार? याउलट कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये इंधनावर कार्बन कर लावला, तेव्हा सोबत आयकर कमी केला आणि कमी उत्पन्नवाल्यांना सवलतीची रक्कम दिली. म्हणजे जमवायचं म्हटलं तर जमतं.

एक अपवाद: वनाजला मेट्रो स्टेशनशेजारी राहून डेक्कनला रोज कारनेच जाणाऱ्याला 'पर्याय नाही' ही सबब चालणार नाही. त्याच्यासाठी कराबरोबर पार्किंगही महाग करा.