जुना कार्ब्युरेटर उद्या पाठवू नका, आधी टाकी बघा

तुम्ही लिहिलंय की ट्रॅक्टर सकाळी पटकन चालू होतो, वीसेक मिनिटं काम झालं की ताकद सोडतो, चोक ओढला की थोडा तग धरतो आणि मग बंद पडतो. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा पहिल्यासारखा. मेकॅनिक म्हणतो कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, गेला, आणि 'जुना द्या, नवा घ्या' या अटीवर तुम्ही तो उद्या पार्सलने पाठवणार आहात.

कृपा करून उद्या पाठवू नका. अगदी हाच त्रास मी भोगला आहे, आणि हीच घाई केल्यामुळे माझा पेरणीचा अख्खा हंगाम हातातून गेला.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. माझा ट्रॅक्टर फोर्ड ८एन, म्हणजे १९४७ ते १९५२ मधला, पेट्रोलवर चालणारा. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर मापं तुमच्या पुस्तकातूनच घ्या. कार्ब्युरेटर कसा सोडायचा, कुठले नट, कुठलं पॅकिंग, ते तुम्हाला येतच असेल, त्यात जात नाही.

माझी चूक अशी झाली. पुरवठादाराने सांगितलं, आधी जुना पाठवा, तो मिळाला की दुरुस्त केलेला पाठवतो. मी त्याच दिवशी जुना खोलून, पुसून, खोक्यात भरून रवाना केला. वरचा नंबर लिहून घेतला नाही, एक फोटोसुद्धा काढला नाही. बदली आला त्याची मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाला मिश्रण नेणाऱ्या नळीवर, बसणारी भोकं बरोबर जुळत होती, म्हणून मी खूश. पण थ्रॉटलच्या दांड्यावरचा हात वेगळ्या कोनात होता. त्यामुळे गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, रॉड जोडला की थ्रॉटलची आतली पाकळी पूर्ण मिटतच नव्हती. इंजिन रिकामं असताना रेस आपोआप वर-खाली व्हायची, आणि लोड दिला की चोक अर्धा ओढून ठेवावा लागायचा, म्हणजे आतला जेट, पेट्रोल सोडणारं पितळी भोक, तोही लहान होता. तो भाग दुसऱ्याच इंजिनासाठीचा होता, हे मला फार उशिरा समजलं.

मग त्यांच्या तक्रार विभागाशी सुरू झालं. पहिला प्रश्न, "जुन्यावरचा नंबर काय होता?" अहो, जुना तर तुमच्याकडेच आहे! त्यावर उत्तर, जुने सगळे एकत्र पुढे जातात, शोधता येणार नाहीत. फोटो पाठवले तर "आमच्या यादीनुसार भाग बरोबर आहे." दर वेळी नवा माणूस, दर वेळी सगळी कहाणी पहिल्यापासून. शेवटी कळवलं की भाग एकदा बसवला म्हणजे वापरला, परत घेणार नाही. मग तो न बसवता चुकीचा आहे हे मला कळणार कसं होतं? या प्रश्नाला आजतागायत उत्तर आलेलं नाही. हातचं सोडून पळत्यामागे लागलो, आणि दोन्ही गेलं. अजून आठवलं की संताप येतो.

आणि सगळ्यात वाईट भाग पुढेच आहे. तो भाग कसाबसा जुळवून ट्रॅक्टर शेतात नेला, तर वीस मिनिटांनी इंजिन पुन्हा बंद. मूळ दोष कार्ब्युरेटरमध्ये नव्हताच. तो टाकीत होता.

या ट्रॅक्टरांना पेट्रोलचा पंप नसतो, पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली येतं. टाकी आतून गंजली की पापुद्रे सुटतात. इंजिन चालू असताना प्रवाहाबरोबर ते ओढले जाऊन कॉकच्या, म्हणजे टाकीखालच्या तोटीच्या, तोंडाला आणि जाळीला चिकटतात. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात, येणारं पेट्रोल कमी होतं, इंजिन उपाशी राहतं. बंद पडलं की ओढ थांबते, पापुद्रे खाली बसतात, वाटी हळूहळू भरते, आणि दहा मिनिटांनी सगळं ठीक! तुमची लक्षणं वाचून मला हेच दिसलं. चोक ओढल्यावर इंजिन तग धरतं हा मोठा पुरावा आहे. चोकने हवा कमी होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत होतं. गरम झाल्यावर ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल दगा देते तेव्हाही इंजिन असंच बंद पडतं, पण तेव्हा चोक ओढून काही फरक पडत नाही. तरी खात्री म्हणून, बंद पडल्या क्षणी प्लगची ठिणगी बघून घ्या, पेट्रोल कुठे गळत नाही ना हे पाहून.

आता तपासणी, आणि ही इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्यावर करा. हा कार्ब्युरेटर गरम एक्झॉस्टच्या शेजारीच असतो, तिथे पेट्रोल सांडू देणं म्हणजे आगीला आमंत्रण. कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन प्लग काढा, खाली काचेची बरणी धरा, कॉक उघडा. नुसतं "येतंय की" म्हणून लगेच बंद करू नका. मी आधी तेच केलं होतं आणि फसलो होतो. बरण्या बदलत निदान दहा मिनिटं वाहू द्या. माझी धार सुरुवातीला करंगळीएवढी होती, मग सुतळीएवढी झाली, शेवटी थेंब. बरणीच्या तळाला तपकिरी चुरा. धार बारीक झाली की टाकीचं झाकण सैल करून बघा. लगेच जाड झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, आणि तुमचा सगळा खर्च वाचला.

जाळ्या तीन ठिकाणी असतात, निदान माझ्या मॉडेलला: टाकीच्या आत कॉकच्या नळीवर, गाळाच्या काचवाटीच्या वर, आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल जातं त्या वाकड्या जोडात. ही तिसरी बहुतेकांना माहीतच नसते. आणखी एक, ८एनचा कॉक दोन वेढे उघडला की मुख्य पेट्रोल येतं, पूर्ण उघडला की राखीव. राखीव म्हणजे थेट तळातलं, म्हणजे गाळासकट. मी कित्येक वर्षं तो पूर्ण उघडून ठेवत होतो.

हे सगळं करूनही कार्ब्युरेटरच खराब निघाला, तरी माझं ठाम मत आहे की बॉडी फुटलेली नसेल तर आपलाच उघडून दुरुस्त करावा. नवी नीडल (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई), तिची सीट आणि पॅकिंग यांनी बरेचसे बरे होतात. जेटमध्ये स्टीलची तार घालू नका, पितळ झिजतं आणि भोकाचं माप कायमचं बिघडतं. मिश्रणाचा स्क्रू आवळून बसवू नका, टोकाला खाच पडते. हलकेच टेकवा आणि वेढे मोजत सोडा. फ्लोट, म्हणजे वाटीतला पोकळ तरंगता भाग, कानाशी हलवा, आत पेट्रोल डचमळलं तर तो गेला. माझ्या फ्लोटची उंची पाव इंच आहे, झाकण उलटं धरून पॅकिंगपासून मोजलेली. थ्रॉटलचा दांडा मात्र बोटांनी हलवून बघा. तो बॉडीत खडखड हलत असेल तर तिथून हवा शिरते आणि मग कितीही स्क्रू फिरवा, इंजिन रिकामं असताना रेस स्थिर राहणार नाही. तेव्हाच बदलायचा विचार करा.

बदलायचाच ठरला तर जुना टेबलावर ठेवा आणि नवा येऊ द्या. आधी पाठवाच म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, थोडे जास्त पैसे भरून जुना नंतर पाठवायची सोय मागा. जुन्यावरचा नंबर उतरवा, ८एनच्या कार्ब्युरेटरवर टीएसएक्स-२४१ आणि पुढे एक अक्षर असतं, ते अक्षरही महत्त्वाचं आहे. दोन्ही शेजारी ठेवून थ्रॉटलच्या हाताचा कोन, चोकची बाजू, पेट्रोलच्या जोडाची दिशा जुळते का बघा. न बसवताच. बसवल्यावर इंजिन बंद असताना हाताचा थ्रॉटल पूर्ण ओढून पाकळी पूर्ण उघडते का, सोडल्यावर परत येते का, हे पाहिल्याशिवाय चालू करू नका. गव्हर्नरच्या रॉडची लांबी चुकली तर इंजिन बेफाम पळू शकतं.

जाता जाता, एअर क्लीनरमधलं तेलही बघा. खुणेच्या वर भरलं असेल तर काळा धूर येतो आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो. तुम्ही धुराचं काही लिहिलेलं नाही, म्हणून तुमच्याकडे ते नसावं.

मला शेवटी टीएसएक्स-२४१ नंबरचा एक जुना, गंजका कार्ब्युरेटर मिळाला. दोन दिवस भिजवून, साफ करून, नवी नीडल घालून तोच बसवला आहे आणि टाकी उतरवून धुतल्यापासून ट्रॅक्टर दिवसभर चालतो. तुमची धार किती मिनिटं एकसारखी आली आणि बरणीच्या तळाला काय बसलं, ते मात्र कळवा. तोवर पार्सल थांबवा.