एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर स्क्वॉट आणि पळणे कधी सुरू करावे?

आपण लिहिले आहे की एसीएलच्या, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी जोडणाऱ्या लिगामेंटच्या, शस्त्रक्रियेला अडीच महिने झाले, गुडघा पूर्ण वाकतो, मांडी घालून बसता येते, दुखणे जवळजवळ थांबले आहे, तेव्हा जिममध्ये वजन घेऊन स्क्वॉट आणि ट्रेडमिलवर पळणे आता सुरू करावे की आणखी थांबावे. एवढ्या तपशिलात गुडघा पूर्ण सरळ होतो की नाही, याचा कुठेही उल्लेख नाही. तेवढ्यासाठीच मी हे उत्तर लिहायला घेतले, कारण आमच्या घरात याच मुद्द्यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

मी सांगली जिल्ह्यात खो-खो खेळत असे. संरक्षण करताना खांबाजवळ हूल देऊन उलट फिरले, पाय मॅटवर रुतून राहिला आणि वरचे अंग वळले. कोणाचा धक्का लागला नव्हता. एसीएल बहुतेक वेळा असाच तुटतो, आणि अशा खेळांत मुलींचा मुलांपेक्षा अधिक तुटतो. आतून ‘कट्ट’ असा आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एमआरआय, हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट (मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा घेऊन तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेला दोर), ब्रेस, कुबड्या हे पुढचे सारे आपण स्वतः अनुभवलेले असल्यामुळे ते सांगत बसत नाही.

माझे थोरले काका कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. त्यांच्या लेखी गुडघा वाकला की माणूस बरा झाला. टाके निघाले त्या आठवड्यापासून ते रोज संध्याकाळी येऊन ‘टाच कुठवर आली?’ असे विचारत, आणि घरच्या सत्यनारायणाच्या पंगतीत मी पाटावर मांडी घालून बसले पाहिजे, ही त्यांनी ठरवलेली परीक्षा होती. एकदा ते एका मालीशवाल्यालाही घेऊन आले. तेल लावून, दाबून गुडघा ‘मोकळा’ करायचा बेत होता. मी पायाला हात लावू दिला नाही, त्यावरून घरात बरीच बोलाचाली झाली.

फिजिओथेरपिस्ट बाईंची परीक्षा वेगळी होती. त्या मला उताणे झोपवून टाचेखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवत, गुडघ्याखाली काहीच आधार ठेवत नसत, आणि पाय आपल्या वजनाने खाली येण्याची वाट पाहत. मग गुंडाळी काढून गुडघा आणि गादी यांच्यामध्ये आपला तळहात सरकवत. तो आरपार गेला की पुन्हा गुंडाळी. त्यानंतर त्या गुडघ्याच्या किंचित वर, मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटे ठेवून ‘आवळ’ म्हणत. मी दात-ओठ खाऊन आवळत असे, तरी बोटांखाली काहीच हलत नसे. सुजलेल्या सांध्याकडून उलट संदेश जात असल्यामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, मिळणारी आज्ञाच दबून जाते, असे त्यांनी समजावून सांगितले. अशा स्नायूवर शंभर बैठका लादल्या, तर शरीर तो भार निमूटपणे दुसऱ्या पायावर आणि कमरेवर टाकते. बैठकांचा आकडा तेवढा भरतो, मांडी मात्र बारीकच राहते.

वाकणे बहुतेकांना पुढे मिळत जाते. सरळ होणे सुरुवातीच्या आठवड्यांत मिळवले नाही, तर नंतर ते फार जड जाते. दोन-चार अंशांची कसर राहिली तरी माणूस किंचित लंगडतो, वाटीच्या भोवती दुखू लागते, आणि कधी कधी सांध्याच्या पुढच्या भागात जून तंतूंची गाठ होऊन ती काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते. म्हणून आज घरीच पालथे झोपा, दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत पलंगाच्या कडेला टेकवून पुढचा भाग बाहेर सोडा आणि दोन्ही टाचा एका पातळीत येतात का, हे कोणाला तरी पाहायला सांगा. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची टाच वर राहत असेल, तर ट्रेडमिलचा विचार सध्या बाजूला ठेवा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. दुखत नाही, हा अडीच महिन्यांच्या टप्प्यावर सर्वांत फसवा पुरावा आहे. बसवलेल्या ग्राफ्टला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो; नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, जुने तंतू विरघळून नवे तयार होतात, आणि या उलथापालथीत साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान ग्राफ्ट बसवला त्या दिवसापेक्षाही कमकुवत असतो. म्हणजे गुडघा बरा वाटू लागतो, नेमका तेव्हाच आतला दोर नाजूक असतो. सायकल, लेग प्रेस, स्वतःच्या वजनाचे अर्धे स्क्वॉट एव्हाना बहुतेकांचे चालू असतात. जड बारबेल मात्र आत्ता नको. पळणे साधारण तीन ते चार महिन्यांनी सुरू होते, तेही सूज नसेल, गुडघा पूर्ण सरळ होत असेल आणि एका पायावर पायरी उतरताना गुडघा आत झुकत नसेल, तरच. झटकन दिशा बदलण्याचे खेळ नऊ महिन्यांच्या आत नकोत, असे माझे ठाम मत आहे. ऑस्लो-डेलावेअर या संशोधकांच्या गटाच्या २०१६ सालच्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले दिसले. नऊ महिने झाल्यावरही दोन्ही मांड्यांच्या ताकदीत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर मैदानात उतरण्याची घाई करू नये.

यावर काका विनेश फोगाटचे उदाहरण देतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती पॅरिसला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. त्याआधी काही महिने ती आखाड्यात परतलीही होती, हे मला मान्य आहे. पण व्यायाम हाच जिचा दिवसभराचा व्यवसाय आहे आणि जिच्या दिमतीला तज्ज्ञ माणसे आहेत, तिच्या वेळापत्रकावर नोकरी सांभाळून संध्याकाळी तासभर जिमला जाणाऱ्याने आपला हिशेब मांडू नये. ऋषभ पंतचे काका कधी बोलत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाल्यावर तो सामना खेळायला उतरला तो मार्च २०२४ मध्ये. अर्थात त्याच्या अपघाताच्या इजा बऱ्याच मोठ्या होत्या.

सत्यनारायणाच्या पंगतीला मी खुर्चीवर बसले, पाय समोर स्टुलावर सरळ ठेवून. काकांनी त्यावर चार पाहुण्यांसमोर टोमणा मारला. त्यांच्या तालमीतल्या एका पैलवानाचा गुडघा आजही पूर्ण सरळ होत नाही, आणि त्याला ‘मांडी कशी झकास घालतो’ म्हणून ते अजून नावाजतात. मी पुढच्या मोसमानंतरच्या मोसमात पुन्हा खांबाला हात लावून वळत होते, हे मात्र त्यांच्या बोलण्यात येत नाही.

हे सारे फक्त एसीएलच्या शस्त्रक्रियेला लागू आहे. सोबत मेनिस्कस (गुडघ्याच्या सांध्यातली कूर्चेची गादी) शिवला असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे पायावर किती भार द्यायचा आणि गुडघा किती वाकवायचा यावर वेगळे निर्बंध असतात, खोल स्क्वॉटही बराच काळ बंद ठेवतात. आपल्या डिस्चार्जच्या कागदात काय काय दुरुस्त केले ते लिहिलेले असेल. तो कागद जिमच्या ट्रेनरला दाखवण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, किंवा ताप येऊन गुडघा लाल आणि गरम झाला, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा.