खाडीच्या गाळात साचलेली रसायनं आपोआप जातात का?

तुम्ही विचारलं आहे की ठाणे खाडीकाठचे बरेच जुने कारखाने बंद झाले किंवा दुसरीकडे हलले, तर तळाच्या गाळातली रसायनं काही वर्षांत आपोआप निघून जातील का, आणि कोणत्या काळात किती घाण आली हे कसं ओळखतात.

जात नाहीत. वरून नवा, स्वच्छ गाळ बसत राहिला तर ती गाडली जातात. खाली निवांत पडून राहणार की पुन्हा वर येणार, हे तो गाळ कुणी ढवळतं की नाही यावर ठरतं. मी नाशिकला पाणी आणि मातीच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. समुद्र आमच्यापासून लांब असला तरी गाळाचं रसायन सगळीकडे सारखंच वागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पारा, शिसं, कॅडमियम, तांबं हे धातू पाण्यात फार काळ मोकळे राहत नाहीत. चिकणमातीच्या बारीक कणांना आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला ते चिकटतात. नदीचं गोडं पाणी खाडीत खाऱ्या पाण्याला मिळालं की हे कण एकमेकांना धरून जड होतात आणि तळाशी बसतात. त्यामुळे पाण्याचा अहवाल चांगला आला म्हणून खाडी सुधारली असं समजू नका. पाण्याचा नमुना फार तर त्या भरती-ओहोटीपुरतं सांगतो. गाळात मागची कित्येक दशकं असतात.

ती दशकं वाचण्यासाठी एक लांब नळी तळात उभी रुतवून गाळाचा अखंड स्तंभ बाहेर काढतात आणि एकेक-दोनदोन सेंटिमीटरच्या चकत्या करतात. वय ठरवायला मुख्य आधार शिसे-२१० या किरणोत्सारी रूपाचा. जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूपासून ते हवेत तयार होतं, पावसाबरोबर खाली येतं आणि साधारण २२ वर्षांत निम्मं होतं. जितकं कमी उरलं, तितका थर जुना. शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशोब यातून लागतो, म्हणजे आपल्याकडचा सगळा कारखानदारीचा काळ त्यात बसतो. तळ्यांच्या गाळाचं वय या पद्धतीने काढून दाखवलं ते १९७१ मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या देवेंद्र लाल आणि एस. कृष्णस्वामी यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर. आज जगभरच्या खाड्यांमध्ये हीच पद्धत वापरतात, आणि तिची मुळं आपल्या कुलाब्यात आहेत याचा मला मनापासून अभिमान आहे. पडताळ्यासाठी सीझियम-१३७ बघतात. हवेत केलेल्या अणुचाचण्यांमुळे ते पसरलं आणि १९६३ च्या आसपास त्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं, त्यामुळे तो थर खुणेसारखा सापडतो.

यात दोन गोष्टी घोळ घालतात. किडे, खेकडे, जाळी आणि बंदरासाठी होणारा उपसा यांनी थर मिसळतात. शिवाय बारीक गाळात धातू मुळातच जास्त असतात. म्हणून नुसता आकडा न बघता चिकणमातीत मुळातच असलेल्या ॲल्युमिनियमशी त्याचं गुणोत्तर काढतात आणि स्तंभाच्या अगदी तळच्या, कारखान्यांच्या आधीच्या थराशी तुलना करतात. ही तुलना नसलेला अहवाल माझ्या मते अर्धवट आहे.

आता ‘आपोआप’बद्दल. जपानमधल्या मिनामाता उपसागराचं उदाहरण यासाठी सर्वांत बोलकं आहे. तिथल्या चिस्सो कंपनीने १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन बनवताना पारा वापरला आणि सांडपाणी उपसागरात सोडलं. १ मे १९५६ ला पाऱ्याच्या विषबाधेच्या आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५८ मध्ये सांडपाण्याचं तोंड नदीच्या मुखाकडे वळवलं, तर रुग्ण त्या बाजूलाही दिसू लागले. १९६८ मध्ये ते उत्पादन थांबलं. पण गाळातला पारा तिथेच होता. शेवटी १९७७ ते १९९० या काळात, दशलक्ष भागांत २५ भागांहून जास्त पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून आणि बंदिस्त करून ५८ हेक्टर जमीन तयार केली. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी निघाली १९९७ ला. सांडपाणी थांबल्यावर जवळजवळ तीस वर्षं, तीही एवढा खर्च आणि मेहनत करून!

पाऱ्याचं वैशिष्ट्य असं की ऑक्सिजन नसलेल्या काळ्या गाळात सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचं मिथिल पारा या जास्त विषारी रूपात रूपांतर करतात. तो लहान जीवांतून मोठ्या माशांत चढत जातो. मिनामाताच्या सांडपाण्यात मिथिल पारा तयारच येत होता. साध्या पाऱ्याच्या बाबतीत हे काम गाळ करतो. उलट त्याच काळ्या गाळातला सल्फाइड कॅडमियम, शिसं, जस्त यांना घट्ट बांधून ठेवतो. गाळ ढवळला, हवेला लागला की सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि बांधलेले धातू सुटतात. म्हणून खाडीत उपसा करायचा तर आधी गाळ तपासायलाच हवा, आणि उपसलेला गाळ कुठे टाकणार हे आधी ठरवायला हवं. कधीकधी तो जिथे आहे तिथेच राहू देणं जास्त शहाणपणाचं असतं.

याची मला काळजी वाटते ती इथल्या गोदावरीमुळे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत धरणातला गाळ शेतात जातो, आणि ती योजना चांगलीच आहे. गंगापूर धरण शहराच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या वरच्या अंगाला आहे, तिथला गाळ मुख्यतः डोंगरउताराची माती. सातपूर-अंबड या औद्योगिक भागातून येणारी नासर्डी नदी मात्र आगर टाकळीला गोदावरीत मिळते, आणि खाली नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याला पाणी संथ होऊन गाळ बसतो. दोन्ही ठिकाणचा गाळ एकाच मापाने मोजू नये. खालच्या अंगाचा गाळ निकेल, क्रोमियम, कॅडमियम तपासल्याशिवाय कुणी वावरात टाकू नये, विशेषतः पालक-मेथी घेत असाल तर. पालेभाज्या कॅडमियम सहज उचलतात.

तुमच्या खाडीसाठी माहिती मागवायची असेल तर अर्जात स्पष्ट लिहा: पाण्याबरोबर गाळाचीही तपासणी, कणांच्या आकारासह, ॲल्युमिनियमसह, आणि निदान एका ठिकाणी वरच्या थरापासून खालपर्यंत. पाऱ्याच्या बाबतीत एकूण पारा आणि मिथिल पारा वेगवेगळे मागा. तिसऱ्या आणि कालवं याच गाळाजवळ पाणी गाळून खातात, तेव्हा त्यांच्या मांसाचा नमुनाही यादीत घाला.