दोन इंजेक्शनांच्या मधले दिवस

मॅक्युलर डीजनरेशन म्हणजे दृष्टिपटलाच्या मधल्या, बारीक पाहणाऱ्या भागाचा आजार. त्याच्या ‘ओल्या’ प्रकारात डोळ्यात वरचेवर इंजेक्शनं घ्यावी लागतात. त्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : बाबांना दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं झाली. आता ते म्हणतात, ‘बरं दिसतंय, पुन्हा सुई कशाला?’ डॉक्टर मात्र थांबू नका म्हणतात. हे कुठवर चालायचं?

बाबांना बरं दिसतंय ते इंजेक्शनांमुळेच, आणि औषधाचा जोर महिन्या-दोन महिन्यांत ओसरत जातो. या आजारात दृष्टिपटलाखाली नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि झिरपू लागतात. त्यांना वाढायला लावणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन हे औषध अडवून धरतं. प्रथिन तयार होणं मात्र थांबत नाही. औषध संपलं की पाणी पुन्हा साचायला लागतं आणि ते आधी दिसतं ओसीटी स्कॅनवर, म्हणजे दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या तपासणीत. बाबांच्या लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो. वारंवार पाणी आणि रक्त साचलं की तिथे व्रण तयार होतो आणि व्रणावर हे इंजेक्शन चालत नाही. म्हणून ‘मला कसं दिसतंय’ यावर पुढची तारीख ठरवू नका, ती स्कॅनवर ठरू द्या.

पहिल्या तीन डोसांनंतर बरेच डॉक्टर अंतर हळूहळू वाढवतात. स्कॅन कोरडा असेल तर चारावरून सहा आठवडे, मग आठ, दहा, बारा. काहींचं सोळापर्यंतही जातं. पाणी दिसलं की दोन आठवडे मागे यायचं. काही फेऱ्यांनंतर प्रत्येक डोळ्याचं स्वतःचं अंतर सापडतं. शेजारच्या माणसाला बारा आठवडे चालतात म्हणून बाबांनाही चालतील असं नाही.

नजर सुधारली नाही म्हणजे औषध वाया गेलं, असंही समजू नका. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मरीना’ चाचणीत रानिबिझुमॅब (याच प्रकारचं औषध) घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांची नजर वर्षभरात डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या १५ अक्षरांइतकी घसरली नाही. खरं औषध न मिळालेल्या गटात असे ६२ टक्केच होते. नजर आहे तिथे टिकवणं हेच इथलं मोठं काम आहे.

पुढची तारीख हातात घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. ताप आला किंवा गावाला जावं लागलं तर तारीख चार-सहा दिवस हलवून घ्या, पण थेट पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

प्रश्न : सुई डोळ्यात जाणार या विचारानेच आईचे हातपाय गार पडतात. नेमकं काय करतात?

त्यांना क्रम आधीच सांगून ठेवा, निम्मी भीती तिथेच जाते. आधी बधिर करणारे थेंब घालतात. मग पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करतात. संसर्ग टाळण्यासाठी सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून चुरचुरलं तरी ती टाळता येत नाही. पापण्या उघड्या ठेवायला छोटा चिमटा लावतात, त्यामुळे ‘मध्येच डोळा मिटला तर?’ ही काळजी नको. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात सुई जाते. तिथे भिंगालाही धक्का लागत नाही आणि दृष्टिपटलालाही. आईंना दुसरीकडे पाहायला सांगतात, त्यामुळे सुई समोरून येताना दिसत नाही. औषध असतं जेमतेम ०.०५ मिली, म्हणजे एखादा थेंब. सुई आत असते ती काही सेकंद. बहुतेकांना दाब जाणवतो, टोचल्यासारखं फारसं वाटत नाही.

त्या वेळी कुणीच बोलायचं नसतं. तोंडातले जंतू तुषारांबरोबर सुईवर पडले तर होणारा संसर्ग फार वाईट असतो. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं तर सुई लावण्याआधीच सांगावं. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, डोळा चिकटत असेल, पापणीवर रांजणवाडी असेल तर तेही आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : इंजेक्शननंतर डोळा लालभडक होतो आणि काळे गोळे तरंगताना दिसतात. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही?

पांढऱ्या भागावरचा लाल डाग दिसायला भयंकर असला तरी तो त्वचेवरच्या काळ्यानिळ्या डागासारखाच असतो. आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. खालच्या बाजूला डुलणारे गोल, काळसर गोळे म्हणजे औषधाबरोबर गेलेले हवेचे बुडबुडे. ते दिवस-दोन दिवसांत विरतात. बधिरपणा उतरल्यावर डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, ते बहुतेकदा आयोडीनमुळे. पुढच्या वेळी शेवटी सलाईनने डोळा नीट धुऊन द्यायला सांगा. घरी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला, पण बाटली नवी उघडा. डोळा चोळू नका, काही दिवस पोहू नका, नळाचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका.

आता घाबरायचं कधी ते. साधा त्रास दुसऱ्या दिवशी कमी होतो. तो वाढत गेला, दुखणं-लाली वाढली, नजर धूसर झाली, उजेड सहन होईना, तर आत संसर्ग झालेला असू शकतो. तो क्वचितच होतो, साधारणपणे इंजेक्शननंतरच्या दोन ते पाच दिवसांत दिसतो आणि त्यात तास मोजावे लागतात. रात्र असली तरी त्याच दिवशी डोळा दाखवा. विजेसारखे लखलखाट, अचानक ठिपक्यांचा पाऊस, नजरेवर पडदा सरकल्यासारखं वाटणं, यांनाही हाच नियम.

प्रश्न : ॲम्सलर तक्ता (आडव्या-उभ्या रेषांची जाळी आणि मध्ये ठिपका) रोज पाहतो, पण त्यातून काही कळत नाही.

बहुधा तुम्ही दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहत असाल. मग चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकून टाकतो. वाचायचा चष्मा लावा, तक्ता ३० सेंटिमीटरवर धरा, एक डोळा तळहाताने न दाबता झाका आणि मधल्या ठिपक्यावरून नजर हलवू नका. रेषांवरून नजर फिरवली तर वाकडेपणा निसटतो. आजारी डोळ्याला रेषा आधीच वाकड्या दिसत असतील तर तक्त्याच्या एका प्रतीवर तो भाग पेन्सिलीने रंगवा आणि तारीख घाला. दर वेळी त्याच्याशी ताडून पाहा. नवा बाक किंवा नवा डाग दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता फोन करा. निरोगी डोळाही तितक्याच काळजीने तपासा, कारण आजार तिथेही येऊ शकतो.

प्रश्न : माझा प्रकार ‘सुका’ आहे. ही इंजेक्शनं मलाही द्यावीत का?

नाही. झिरपणाऱ्या रक्तवाहिन्याच नसतील तर या औषधाला करायला काही उरत नाही. मधल्या टप्प्यावर असाल तर एरेड्स-२ नावाच्या अभ्यासातल्या प्रमाणाच्या गोळ्यांबद्दल (ल्यूटिन १० मिग्रॅ, झिॲझँथिन २ मिग्रॅ, जोडीला क आणि ई जीवनसत्त्व, जस्त आणि तांबं) डॉक्टरांना विचारा. धूम्रपान करत असाल किंवा पूर्वी केलं असेल तर बीटा-कॅरोटिन असलेली गोळी घेऊ नका, तिने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तक्ता मात्र तुम्हीही पाहत राहा, सुक्याचा ओला होतो तो असाच, न सांगता.