सीए १९-९, एनएलआर आणि आटलेले स्नायू: बाबांच्या आकड्यांचं काय करायचं

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र लिहितो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वडील ६४ वर्षांचे, स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ, कावीळ झाली म्हणून पित्तनलिकेत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी नळी) टाकला. स्टेंटनंतर चौथ्या दिवशीच्या रक्तात सीए १९-९ (स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा पदार्थ) ८२०, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ९.४, सीआरपी (दाहाचा आकडा) २४, अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) ३.१, आणि पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ७२००, लिम्फोसाइट १२००. तीन महिन्यांत वजन ७१ किलोवरून ६२. शोधनिबंध वाचून तुम्ही स्वतःच तीन स्कोअर काढलेत (एनएलआर, ग्लासगो स्कोअर आणि पोषणाचा निर्देशांक), तिन्ही वाईट गटात बसतात, कुठेतरी ११.१ महिने हा आकडा वाचलात, आणि आता प्रश्न असा की किती वेळ हाताशी आहे.

मी डॉक्टर नाही. भावाच्या याच आजारात हे सगळे रिपोर्ट वाचायला शिकलो आणि नंतर इथल्या अनेकांचे वाचले. तुमची गणितं बरोबर आहेत, पण ती चुकीच्या दिवशीच्या रक्तावर केली आहेत.

सीए १९-९ पित्तावाटे बाहेर पडतो. पित्ताची वाट तुंबली की कॅन्सर नसतानाही तो शेकड्यांत जाऊ शकतो, आणि वाटेत जंतुसंसर्ग झाला तर आणखी वर. ३७ ही वरची सामान्य मर्यादा धरतात, पण बिलिरुबिन ९.४ असताना आलेल्या ८२० मध्ये गाठीचा वाटा किती आणि काविळीचा किती हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून कावीळ उतरून बिलिरुबिन सामान्य झाल्यावर तो पुन्हा करायचा आणि तो आकडा पाया धरायचा. त्याला अर्थ आहे. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत, स्कॅनवर गाठ काढता येण्यासारखी दिसत असली तरी सीए १९-९ ५०० च्या वर असेल तर तिला सीमारेषेवरची (थेट ऑपरेशनला योग्य की नाही याबद्दल शंका असलेली) समजावं असं ठरलं, कारण डोळ्यांना न दिसणारा प्रसार असण्याची शक्यता वाढते. अशा वेळी अनेक टीम आधी केमो आणि मग ऑपरेशन असा क्रम घेतात. म्हणजे पुढच्या आकड्यावर निर्णय फिरू शकतो. आजच्या ८२० वर नाही.

इथेच एक कोपऱ्यातली गोष्ट. साधारण ५ ते १० टक्के माणसांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही, त्यांच्या लुईस रक्तगटामुळे. अशा रुग्णाचा सीए १९-९ आजार पसरला तरी सामान्य राहतो आणि घरचे उगीच निर्धास्त होतात. तुमच्या बाबांना हे लागू नाही, पण खाली ज्यांनी 'आमचा तर ४ आला' असं आनंदाने लिहिलंय त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. तिथे सीईए किंवा सीए १२५ या रक्तातल्या दुसऱ्या खुणांवर लक्ष ठेवतात.

आता एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर. ७२०० भागिले १२००, म्हणजे ६. अनेक अभ्यासांत ५ च्या वरच्या लोकांचं आयुर्मान कमी दिसलं, हे खरं. पण कुणी ५ ची रेघ मारली, कुणी ३ ची, कुणी त्याहून खाली, आणि बहुतेक अभ्यास जुन्या फायली काढून केलेले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे न्यूट्रोफिल कशानेही वाढतात. स्टेंट टाकताना झालेला दाह, बारीक ताप, उलटी होऊ नये म्हणून दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड (हे लिम्फोसाइट कमीही करतं, म्हणजे गुणोत्तर दोन्ही बाजूंनी बिघडतं), केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला दिलेलं इंजेक्शन. रक्त कोणत्या दिवशी काढलं हे न लिहिता नुसता एनएलआर टाकला तर त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

ग्लासगो स्कोअर तुम्ही २ काढलात: सीआरपी १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली. पण सीआरपीचं एकक बघितलंत का? काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर. स्कोअरमधली १० ची मर्यादा लिटरची आहे. तुमचे २४ लिटरचेच असावेत, पण रिपोर्ट उघडून खात्री करा, कारण दहापटीचा फरक पडतो. तिसरा तो पोषणाचा निर्देशांक, अल्ब्युमिनला दहाने गुणून त्यात लिम्फोसाइटचा ०.००५ पट मिळवायचा: ३१ अधिक ६, म्हणजे ३७. बरोबर.

आता खरा मुद्दा. हे तीन स्कोअर म्हणजे तीन वेगवेगळ्या वाईट बातम्या नाहीत. तिन्हींत तेच चार आकडे फिरवून वापरलेत: सीआरपी, अल्ब्युमिन, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट. आणि हे चारही बऱ्याच अंशी एकाच गोष्टीचे पडसाद आहेत. गाठ आणि तिच्याभोवतीच्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखे दाहाचे संदेश सोडतात. ते यकृतापर्यंत गेले की यकृत सीआरपी बनवायला लागतं आणि अल्ब्युमिनचं उत्पादन कमी करतं. म्हणून अल्ब्युमिन पडलं म्हणजे माणूस कमी खातोय एवढाच अर्थ काढू नका, आणि प्रथिनांची पावडर दुप्पट करून आठवड्यात ते वर येईल अशी आशाही धरू नका. तेच संदेश स्नायूंना प्रथिनं तोडायला लावतात. एकाच आगीचा धूर चार खिडक्यांतून दिसला म्हणून चार आगी मोजायच्या नसतात.

स्नायूंचं झिजणं किती आधी सुरू होतं याचा एक पुरावा मला फार बोलका वाटतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजाराचं निदान होण्याच्या कित्येक वर्षं आधी साठवून ठेवलेलं रक्त तपासलं. पुढे स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेल्यांच्या रक्तात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं जास्त होती, विशेषतः निदानाच्या २ ते ५ वर्षं आधी घेतलेल्या नमुन्यांत. संशोधकांनी उंदरांवर पडताळलं तेव्हा ती शरीरातल्याच प्रथिनांच्या तुटण्यातून येत असल्याचं दिसलं. वजनकाट्याला काही कळायच्या आत झीज सुरू झालेली असते.

आणि वजनकाटा नंतरही फसवतोच. पोटात पाणी झालं, पाय सुजले, की वजन 'स्थिर' दिसतं. जाड माणसाची चरबी तशीच राहते आणि आतले स्नायू आटतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून स्नायू सीटी स्कॅनवर मोजतात. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक काप घेऊन त्यातल्या स्नायूंचं क्षेत्रफळ काढायचं आणि उंचीच्या वर्गाने भागायचं. नवा स्कॅन लागत नाही, झालेल्या स्कॅनमध्ये तो काप असतोच. एका बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या निकषानुसार पुरुषांमध्ये बीएमआय २५ च्या आत असेल तर ४३ च्या खाली, २५ किंवा वर असेल तर ५३ च्या खाली, आणि स्त्रियांमध्ये ४१ च्या खाली म्हणजे स्नायू कमी. एकक चौरस सेंटिमीटर प्रति चौरस मीटर. रेडिओलॉजीच्या रिपोर्टमध्ये हे आपणहून लिहिलेलं मी जवळजवळ कधीच पाहिलं नाही. मागावं लागतं, आणि तरी सगळीकडे मिळत नाही. तेव्हा घरच्या घरी खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठ-बस करायला सांगा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद कमी आहे असं धरतात.

बाबांचं वजन जवळपास १३ टक्क्यांनी उतरलंय. २०११ च्या व्याख्येनुसार सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट म्हणजे कॅकेक्सिया (आजारामुळे शरीर आणि स्नायू झिजणं), त्यामुळे स्कॅनवर मोजणी होवो न होवो, इथे वाट बघायची गरज नाही. केमोचा डोस बहुधा उंची-वजनावरून काढतात. स्नायू कमी असलेल्या माणसाला तोच डोस जास्त त्रास देतो, मग डोस कमी होतो, फेऱ्या पुढे ढकलल्या जातात. स्नायू वाढवले की आयुष्य वाढतंच असं मी म्हणणार नाही. पण उपचार झेपणं आणि स्वतः उठून बाथरूमला जाता येणं, हे स्नायूंवर अवलंबून आहे.

यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग पचनाचा. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोहोचत नसेल तर खाल्लेलं अंगीच लागत नाही. शौच तेलकट, फिकट, खूप दुर्गंधीचं, पाण्यावर तरंगणारं, पोट फुगलेलं, असं आहे का ते बाबांना स्पष्ट विचारा, माणसं आपणहून सांगत नाहीत. तसं असेल तर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतील. मुख्य जेवणाला लायपेजचे (चरबी पचवणाऱ्या एन्झाइमचे) ४०,००० ते ५०,००० युनिट ही सुरुवातीची नेहमीची मात्रा, डॉक्टर ती ठरवतील आणि वाढवतील. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण लांबलं तर काही मध्येही. जेवण झाल्यावर एकदम घेतल्या तर फायदा कमी होतो. साखर वाढली असेल तर मधुमेहाचं म्हणून कडक पथ्य लावू नका, औषध किंवा इन्शुलिनने ती सांभाळता येते. प्रथिनं रोज वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे बाबांना साधारण ७५ ते ९३ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा. आणि हलका का होईना, ताकदीचा व्यायाम.

भूकच नसेल तर ओलान्झापिन या भूक वाढवू शकणाऱ्या औषधाबद्दल विचारायला हरकत नाही. पुद्दुचेरीच्या जिपमेरमध्ये केलेल्या आणि २०२३ मध्ये छापून आलेल्या चाचणीत रोज फक्त २.५ मिलिग्रॅम दिलं होतं. पोट, फुप्फुस आणि यकृत-स्वादुपिंड-पित्तमार्गाच्या कॅन्सरचे, केमो सुरू असलेले रुग्ण होते. ५ टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले औषधाच्या गटात ६० टक्के, औषधाविना नुसती तशीच दिसणारी गोळी दिलेल्या गटात ९ टक्के. जीडीएफ-१५ हा भूक मारणारा संदेश अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या औषधाचे २०२४ मधले निकालही चांगले आहेत, पण ती चाचणी दुसऱ्या टप्प्याची होती, तेव्हा त्याच्या मागे आत्ता धावू नका.

राहिला वेळेचा प्रश्न. तुम्ही उद्धृत केलेले ११.१ महिने हे २०११ च्या फॉलफिरिनॉक्स (अनेक औषधं एकत्र देणारी केमो) चाचणीतले आहेत, आणि ते सगळे रुग्ण आजार दुसऱ्या अवयवांत पसरलेले होते. तुम्ही लिहिलंय की बाबांच्या स्कॅनमध्ये पसरलेलं काही नाही, मग तो आकडा त्यांचा नाहीच. शिवाय तो मध्यक आहे, निम्मे त्याहून जास्त जगले. बाबांच्या बाबतीत आधी टप्पा, गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना किती चिकटली आहे आणि ते दिवसातला किती वेळ अंथरुणावर असतात हे बघतात. रक्ताचे स्कोअर त्यानंतर.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढं विचारा: सीए १९-९ पुन्हा कधी करायचा, एन्झाइम सुरू करायचे का, आहारतज्ज्ञ कधी भेटतील, आणि आधी केमो की आधी ऑपरेशन. ताप किंवा थंडी वाजली तर भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा, स्टेंट तुंबलेला असू शकतो. नवे रिपोर्ट इथे टाकाल तेव्हा बिलिरुबिन आणि सीए १९-९ एकाच दिवसाचे टाका, डेक्सामेथासोन चालू होतं का ते लिहा, आणि बाबांची उंची राहिलीय तीही लिहा.